लाइव्ह डेबियनवरचा पसारा आवरताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी शाळेत गणित शिकवते. प्रश्नपत्रिका, निकालाचे तक्ते आणि थोडं ब्राउझिंग एवढंच माझं कॉम्प्युटरवरचं काम. त्यासाठी घरचा जुना लॅपटॉप पुरतो. रॅम 2 जीबी, स्टोरेज 32 जीबी, आणि हे स्टोरेज मदरबोर्डलाच चिकटलेलं असल्यामुळे वाढवता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये त्यावर डेबियन 12 ही लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपसह. इन्स्टॉल केलं ते लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करताही थेट सिस्टिम चालवता येते अशा पेनड्राइव्हवरून, आणि पुढची सगळी साफसफाई त्यातूनच उद्भवली.

सिस्टिम पहिल्या दिवसापासून चांगली चालली. सुरू झाल्यावर रॅम 400 एमबीच्या आसपास, पंखा शांत. पण मेनू उघडला तर त्यात जपानी टायपिंगची सोय, थाई लिपीसाठी वेगळं टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी), अनेक लिप्या दाखवणारं आणखी एक टर्मिनल, गोल्डनडिक्ट शब्दकोश. लाइव्ह डिस्क जगात कुठेही, कुठल्याही भाषेच्या माणसाकडे चालावी म्हणून हे सगळं तिच्यात भरलेलं असतं आणि इन्स्टॉल करताना तसंच्या तसं डिस्कवर उतरतं. त्यामागचा विचार मला पटतो. पण माझ्याकडे जागा 32 जीबी आणि इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. न वापरलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचा अपडेटही माझ्याच डेटातून येणार.

इथे एक गोष्ट आधीच सांगते, कारण मी स्वतः तीच अपेक्षा धरून बसले होते. डिस्कवर नुसता पडून असलेला प्रोग्रॅम मशीन हळू करत नाही. तो काढल्याने जागा वाचते, अपडेट लहान होतात आणि मेनू सुटसुटीत होतो. रॅम वाचते ती फक्त लॉगिनबरोबर किंवा पार्श्वभूमीला आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी काढल्या तर. माझ्याकडे इनपुट मेथडची (इतर लिप्यांत टाइप करण्याची) सेवा आणि ब्लूटूथ काढल्यावर फरक जाणवला. बाकी सगळ्यांनी फक्त जागा दिली.

सगळीकडे सल्ला एकच मिळतो: प्रोग्रॅम काढा आणि मग 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' चालवा. ॲप्ट म्हणजे डेबियनमध्ये प्रोग्रॅम टाकणारं-काढणारं साधन. मी तसंच केलं. जपानी टायपिंग काढलं, थाई टर्मिनल काढलं, ऑटोरिमूव्ह चालवलं, आणि त्याने जेमतेम दोन-चार लायब्रऱ्या (इतर प्रोग्रॅमना लागणारे सामायिक भाग) काढल्या. बाकी पसारा जागच्या जागी.

याचं कारण कळायला मला दोन आठवडे लागले. ॲप्टला 'अनावश्यक' म्हणजे काय ते कळत नाही. त्याच्याकडे फक्त एक नोंदवही असते: कुठलं पॅकेज (प्रोग्रॅम किंवा त्याचा भाग) माणसाने मागून घेतलं आणि कुठलं दुसऱ्या कुणाच्या गरजेपोटी आपोआप आलं. ऑटोरिमूव्ह फक्त दुसऱ्या प्रकारातलं काढतं, तेही कुणालाच लागत नसेल तर. 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' चालवून मी यादी पाहिली, तर मी कधी नावही न ऐकलेली शेकडो पॅकेजेस माझ्या नावावर 'मागितलेली' म्हणून चढलेली होती. मग ऑटोरिमूव्ह त्यांना हात कसा लावणार?

यावरचा उपाय ॲप्टमध्येच आहे, पण त्याचा उल्लेख फार कमी ठिकाणी दिसतो: 'ॲप्ट-मार्क मिनिमाइझ-मॅन्युअल'. मेटापॅकेजमुळे (स्वतःत काही नसलेलं, फक्त इतर पॅकेजेस ओढून आणणारं पॅकेज) आलेल्या पॅकेजेसवरची 'मागितलेलं' ही खूण ते पुसतं. जुन्या लेखांमध्ये या कामासाठी डेबऑर्फन हे साधन वापरा असं असतं. डेबियन 13 मधून ते काढून टाकलं आहे आणि तिथल्या प्रकाशन-टिपणांत हाच मार्ग दिला आहे. तरीही उरलेली मॅन्युअल यादी मी वहीत उतरवून घेतली आणि रोज पंधरा-वीस नावं तपासली. एखादं नाव ओळखीचं नसलं की आधी त्याचं वर्णन वाचायचं आणि मग ठरवायचं. खरं काम हेच होतं. त्याला महिना लागला, पण आपल्या मशीनवर काय आहे हे मला प्रथमच कळलं.

एक कोडं मात्र बरेच दिवस सुटेना. ईमेलचा प्रोग्रॅम काढला, तरी त्याच्यासोबतची दोन पॅकेजेस जाईनात, आणि त्यांवर खूण तर 'आपोआप' अशी होती. शेवटी ॲप्टिट्यूड हे ॲप्टसारखंच दुसरं साधन टाकून 'ॲप्टिट्यूड व्हाय' विचारलं. उत्तर आलं की तिसरंच एक पॅकेज त्यांची 'शिफारस' करतं, आणि एक तर नुसतं 'सुचवतं'. शिफारस किंवा सूचना एवढ्या नात्यावरसुद्धा ऑटोरिमूव्ह पॅकेज राखून ठेवतं, ही त्याची मूळ मांडणी आहे. सावध मांडणी आहे आणि मी ती बदलली नाही. अशी पॅकेजेस नाव घेऊन काढते.

आता माझ्या हातून झालेली चूक. सिनॅप्टिकमध्ये, म्हणजे माउसने पॅकेजेस निवडून काढायच्या प्रोग्रॅममध्ये, फॉन्टची यादी लांबलचक होती. नोटो फॉन्ट मोठे म्हणून आधीच काढले होते. नंतर 'लोहित' नावाचे दहाएक फॉन्ट दिसले. बंगाली, तमिळ, गुजराती अशी नावं वाचत गेले आणि सगळा लोहित गटच निवडून काढून टाकला. त्यातच लोहित देवनागरी होता. आणखी दोन अनोळखी नावांचे फॉन्ट काढले होते, तेही देवनागरीचेच निघाले. सकाळी सातवीची प्रश्नपत्रिका उघडली तर पानभर नुसते चौकोन. आठ वाजता छपाई होती.

वाचवलं ते ॲप्टच्या इतिहासाने. व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरमध्ये हिस्टरी नावाची फाइल असते. कधी, कुठल्या आज्ञेने, कोणती पॅकेजेस गेली हे तिच्यात आवृत्तीसकट लिहिलेलं असतं. तिथून नावं घेतली, फॉन्ट परत टाकले, दहा मिनिटांत मराठी दिसायला लागलं. त्याच दिवशी 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' वापरून देवनागरी फॉन्टवर माझी खूण केली. तेव्हापासून काहीही काढण्याआधी 'ॲप्ट' आणि 'रिमूव्ह' यांच्या मधे डॅश-एस लावून आधी नुसतं सोंग करून घेते आणि काय काय जाणार आहे ती यादी पूर्ण वाचते. घाईत कधीच काढत नाही.

फर्मवेअरच्या, म्हणजे वायफायसारखे भाग चालवायला लागणाऱ्या फाइलींच्या, पॅकेजेसना मी हात लावलेला नाही. तीही बरीच जागा खातात, पण या लॅपटॉपला केबलचं पोर्ट नाही. वायफायचं फर्मवेअर गेलं तर ते परत आणायचं कसं?

'रिमूव्ह' केलं की ईटीसी या फोल्डरमधल्या सेटिंग फाइली मागे राहतात, 'पर्ज' केलं की त्याही जातात. माझ्याकडे अशी नुसती सेटिंग उरलेली पॅकेजेस शंभरावर होती. सिनॅप्टिकमध्ये त्यांची वेगळी यादी दिसते. जागा फार सुटली नाही, पण यादी स्वच्छ झाली. होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइलींना मात्र पर्जही शिवत नाही, त्या स्वतःच पाहाव्या लागतात. आणि एक ॲप मी फ्लॅटपॅकवरून, म्हणजे ॲप घेण्याच्या दुसऱ्या एका वेगळ्या पद्धतीने, घेतलं होतं, त्याची ॲप्टला खबरच नसते. ॲप काढल्यावरही त्याचा शेकडो एमबीचा रनटाइम (ॲप चालायला लागणारा आधार) मागे राहिला होता. 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल' पुढे 'अनयूज्ड' लावल्यावर तो गेला.

सुरुवातीला सिस्टिमने जवळपास 10 जीबी व्यापले होते, आता 6 जीबीच्या थोडं वर आहे. सप्टेंबरमध्ये डेबियन 13 वर गेले तेव्हा ही मोकळी जागा कामी आली, आणि डाउनलोडही एका संध्याकाळच्या हॉटस्पॉटमध्ये आटोपलं. अपग्रेडनंतर ऑटोरिमूव्हने जुन्या लायब्रऱ्या आणि जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) यांची दोन पडदे भरतील एवढी यादी दाखवली. ती पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचली. तिच्यात एकही देवनागरी फॉन्ट नव्हता. मग 'वाय' दाबलं.