लॅपटॉपचा बसलेला आवाज आणि लॅमिंग्टन रोडवरचं हे दुकान

मी गोरेगावला राहते, शास्त्रीय गाणं शिकवते. 2020 च्या लॉकडाउनपासून माझे निम्मे विद्यार्थी ऑनलाइन आहेत आणि सगळे याच एका लॅपटॉपवर येतात. गणपतीनंतर त्याचा आवाज हळूहळू बसत गेला. व्हॉल्यूम 100 वर ठेवूनही समोरची मुलगी शेजारच्या खोलीतून गातेय असं वाटायचं. लॅपटॉपला कान लावून मी सूर ऐकायचे. गाणं असं शिकवता येत नाही.

घराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडूनही पाहिला नाही. साउंडची आयसी (आवाजाची चिप) गेली, मदरबोर्डचं काम आहे, साडेसात हजार होतील, म्हणाला. आमच्याकडे तबल्याला येणाऱ्या दादांनी मग या दुकानाचा पत्ता दिला. ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडपर्यंत चालत जायचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, तोच हा रस्ता. दुकान पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सोबत कुणाला तरी न्यावं.

काउंटरवरच्या मुलाने आधी काय केलं, तर स्वतःचा हेडफोन लावला आणि मला म्हणाला, "ताई, तुमचं एखादं रेकॉर्डिंग लावा." हेडफोनमध्ये आवाज खणखणीत! "मग आयसीवर एवढ्यात संशय घ्यायचं कारण नाही, आधी स्पीकर बघू." पाच मिनिटांत साडेसात हजारांची धास्ती गेली.

खालचं कव्हर त्याने माझ्यासमोरच उघडलं. माझ्या लॅपटॉपचे स्पीकर तळाला आहेत आणि मी तो रोज गादीवर, गोधडीवर ठेवून शिकवते. उजव्या जाळीवर करड्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसला होता. मऊ ब्रशने त्याने तो काढला आणि चिमटीत धरून दाखवला. गोधडीचा लाल धागा मी लगेच ओळखला. डाव्या स्पीकरला मीटर लावला तर काहीच दाखवेना, कॉइल तुटलेली. उजवा 4 ओहमच्या आसपास, म्हणजे शाबूत होता. म्हणजे इतके दिवस मी एकाच, तोंड बांधलेल्या स्पीकरवर शिकवत होते. व्हीएलसी प्लेअरमध्ये आवाज 125 टक्क्यांवर नेऊन गाणी ऐकायची सवय त्याने सोडायला सांगितली. त्याने आवाज फाटतो आणि एवढ्याशा स्पीकरवर ताण येतो.

दुसरी तक्रार मला जास्त छळत होती. गाऊन दाखवताना मी लॅपटॉपवरच तानपुरा लावते. कॉल सुरू झाला की तो एकदम खाली जायचा, कॉल संपला की परत वर. हे बिघाडाने होतच नव्हतं. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, साउंड, कम्युनिकेशन्स असं गेलं की चार पर्याय दिसतात. कॉल आला की बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी कमी करायचे, हा मुळातच निवडलेला असतो. तिथे 'डू नथिंग' केलं आणि तानपुरा जागच्या जागी राहिला. याचे त्याने पैसे घेतले नाहीत.

'लाउडनेस इक्वलायझेशन' हे विंडोजमधलं आवाजाचं सेटिंगही त्याने चालू करून दिलं. बातम्या, भाषणं ऐकायला ते छान आहे. पण त्याने हलका आवाज वर येतो, मोठा दबतो, आणि विद्यार्थिनीने स्वर कुठे हळुवार सोडला, कुठे जोर दिला, ते मला कळेना. मी बंद करायला सांगितलं. त्याने कुरकुर न करता केलं, आणि का म्हणून विचारून नीट ऐकूनही घेतलं.

स्पीकरची जोडी 900, सफाई आणि मजुरी 400, एकूण 1,300. बिलावर तीन महिन्यांची वॉरंटी लिहून दिली. दोन तास सांगून चार तास लावले, ही माझी एकच नाराजी. बसायला स्टूलही एकच आहे. रविवारी बंद असतं.

निघताना त्याने एक गोष्ट स्पष्ट सांगितली: "खर्ज यातून भरीव येणार नाही ताई, त्याला बाहेरचा स्पीकरच हवा." खरं आहे. माझा सा हार्मोनियमच्या काळी चार पट्टीचा, तानपुऱ्यातली त्याच्या खालच्या सप्तकातली, म्हणजे खर्जाची तार साधारण 104 हर्ट्झला बोलते. एवढ्याशा स्पीकरला ते झेपत नाही. त्याच्याकडे बाहेरचे स्पीकर विकायला होते, तरी त्याने गळ्यात मारला नाही. तो मी पुढच्या महिन्यात इथूनच घेणार आहे.

काल क्लासमध्ये नागपूरची मुलगी भीमपलास राग गात होती. तिचा गंधार किंचित चढा लागत होता. लॅपटॉप पाटावर होता, मी हातभर लांब बसले होते, आणि तिथूनच तो मला ऐकू आला.