मानदुखी: पोश्चर सुधारायचं की मानेला ताकद द्यायची?

तीन महिने उलटले तरी मान दुखतेच आहे, म्हणजे दुखणं जुनाट झालं. एव्हाना एक्स-रे काढून 'मणक्यात गॅप आहे' हे ऐकून झालेलं असतं, आणि 'पोक काढून बसू नकोस' हे तर शाळेपासूनच. चाळिशी-पन्नाशीत मान अजिबात न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेतही झीज दिसते, त्यामुळे नुसत्या गॅपने घाबरू नका. हाताला मुंग्या येत असतील, हातातून वस्तू निसटत असतील, चालताना तोल जात असेल किंवा दुखणं पडल्यानंतर सुरू झालं असेल, तर मात्र खालचं काही वाचू नका, आधी डॉक्टर गाठा.

पोश्चरवर आधारलेल्या फिजिओथेरपीत पहिल्या दिवशी बाजूने फोटो काढतात आणि कान खांद्याच्या किती पुढे गेलाय ते दाखवतात. मग हनुवटी आत ओढायची (आरशात दुहेरी हनुवटी दिसली की जमलं), छाती ताणायची, खांद्याची पाती मागे-खाली आणायची. चांगला थेरपिस्ट याच्या पुढे जातो. मानेच्या पुढच्या बाजूला, खोलवर असलेले छोटे स्नायू दुखणाऱ्या मानेत बऱ्याचदा आळसावतात आणि वरवरचे मोठे स्नायू त्यांचं काम ओढत बसतात. उताणं झोपवून मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवतात, तिचा दाब (मिमी पाऱ्यात) 20 वर आणतात आणि 'हो' म्हटल्यासारखी मान अगदी हळू हलवून 22, 24 करत 30 पर्यंत न्यायला सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या ग्वेन जल यांच्या कामातून आलेली ही पद्धत आहे. इथे जोर कामाचा नाही, ताबा लागतो, आणि तो घरी व्हिडिओ बघून येत नाही.

अडचण उपचारात नाही, 'पोक काढल्यानेच मान दुखते' या त्यामागच्या समजुतीत आहे. 'मान 60 अंश वाकवली की 27 किलोचा भार' हे क्लिनिकच्या भिंतीवरचं पोस्टर 2014 च्या एका गणिती मॉडेलवरून आलंय. तो भार कुणाच्या मानेवर मोजलेला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात 17 वर्षांच्या मुलामुलींची बसण्याची ढब नोंदवून 22 व्या वर्षी त्यांना मानदुखीबद्दल विचारलं. मुलांमध्ये फरक दिसला नाही, आणि पोक काढून बसणाऱ्या मुलींना ताठ बसणाऱ्यांपेक्षा त्रास कमी होता! आईला हे सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही. म्हणून मला वाटतं, या उपचाराने बरं वाटतं ते ताठ बसल्यामुळे कमी, मान पुन्हा हलायला लागल्यामुळे जास्त.

दुसरा पर्याय रबरी पट्ट्याचा. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या 198 जणांवर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. पट्टा ताणत हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत वर, आठवड्यातून 5 दिवस, 10 आठवडे. काहींनी रोज 12 मिनिटं केलं, काहींनी फक्त 2. दोन्ही गटांचं दुखणं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी झालं, आणि 2 मिनिटंवाले फारसे मागे राहिले नाहीत. पट्टा काही शे रुपयांत मिळतो. पण पहिले दिवस खांदे भरून येतात, आणि बघणारं कुणी नसेल तर खांदे कानाला चिकटवून भलतेच स्नायू राबवले जातात.

पुण्यातल्या वाचकांना तिसरा रस्ताही जवळ आहे: अय्यंगार पद्धतीचा योग, दोऱ्या, ठोकळे, खुर्च्यांसह. जर्मनीत 9 आठवड्यांचा असा वर्ग, पुस्तिका बघून घरी केलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरला. शिक्षकाला दुखणं आधी सांगा. शीर्षासनाची घाई नको.

मग निवड कशी करायची? मान वळवायलाच भीती वाटत असेल, किंवा व्यायाम आजवर धड जमलेला नसेल, तर पोश्चरवाली फिजिओथेरपी आधी घ्या, चार-सहा बैठका. दुखणं दिवसभर स्क्रीनसमोर बसून संध्याकाळी वाढणारं असेल, तर थेट पट्टा घ्या आणि हात नीट वर जातोय का ते एक-दोनदा कुणाकडून तरी तपासून घ्या. दहा बैठकींचं पॅकेज पुढे आलं, तर एकच विचारा: यात मशीन किती वेळ आणि व्यायाम किती वेळ? मशीन आणि शेकातच अर्धा तास जाणार असेल तर तो शेक घरी घेता येतो.

फरक पडला का, हे बाजूच्या फोटोवरून ठरवू नका. सहा आठवड्यांनी गाडी मागे घेताना मान किती वळते ते बघा.