नर म्हणून विकलेला फ्लॉवरहॉर्न आणि त्यानंतरची वसुली

फ्लॉवरहॉर्न हा मासा ज्यांना घरी आणायचा आहे, त्यांनी विक्रेत्याच्या हाती पैसे ठेवण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठी तो सविस्तर लिहीत आहे. माझ्या वडिलांसाठी घेतलेला साडेनऊ हजार रुपयांचा मासा ‘काम्फा जातीचा, ए ग्रेडचा, खात्रीचा नर’ म्हणून आम्हाला विकला गेला. प्रत्यक्षात ती मादी निघाली, तिचा रंग आणि डोक्यावरचा उंचवटा टिकणारा नव्हता, आणि तो उतरू लागल्यावर त्याच विक्रेत्याने खाद्य आणि औषध या नावांखाली आणखी पैसे काढले. विकतानाची लबाडी वाईट आहेच. परंतु नंतर ‘तुमचेच पाणी खराब आहे’ असे सांगून गिऱ्हाइकाच्या माथी दोष मारण्याची जी पद्धत आहे, ती मला अधिक घातक वाटते, कारण तिच्यामुळे फसवले गेलेले लोक तक्रारच करत नाहीत.

फ्लॉवरहॉर्न निसर्गात सापडत नाही. मध्य अमेरिकेतील सिक्लिड कुळातल्या निरनिराळ्या माशांचा संकर करून मलेशिया आणि तैवानमध्ये 1990 च्या दशकात तो तयार करण्यात आला. कपाळावरचा फुगीर उंचवटा, ज्याला या छंदातले लोक ‘कोक’ किंवा नुसते ‘हेड’ म्हणतात, अंगावरची मोत्यासारखी चमक आणि कुशीवरून जाणारी काळ्या ठिपक्यांची रांग यांवर त्याची किंमत ठरते. पूर्व आशियात तो भाग्याचा मासा मानला गेला आणि आपल्याकडे तोच वास्तूच्या नावाने विकला जातो. कोक ठळकपणे वाढतो तो प्रामुख्याने नरांना, त्यामुळे नर महाग आणि मादी जवळजवळ कवडीमोल. नेमक्या या तफावतीवर ही फसवणूक उभी आहे.

बाबांनी नोकरीच्या काळात अनेक वर्षे गप्पी आणि गोल्डफिश पाळले होते, आणि निवृत्तीनंतर एकच मोठा, माणसाला ओळखणारा मासा असावा अशी त्यांची इच्छा होती. समाजमाध्यमांवर व्हिडिओ टाकून मासे विकणाऱ्या एका उपनगरातल्या दुकानदाराशी आमचा संपर्क झाला. व्हिडिओतला मासा जेमतेम तीन इंचांचा, पण लालभडक आणि भरदार कपाळाचा होता. “ताई, एक नंबर पीस आहे, नरच आहे, लिहून देतो,” असे तो फोनवर म्हणाला. दुकानात गेल्यावर मात्र बिल मागितले तेव्हा “जिवंत मालाचं बिल कुणी देत नाही” असे उत्तर मिळाले. माशाचे डोळे लाल होते. काम्फाचे डोळे सामान्यतः पांढरे किंवा पिवळसर असतात आणि लाल डोळे झेन झू प्रकारात दिसतात, हे बाबांनी वाचलेले होते आणि त्यांनी ते विचारलेही. “काका, मोठा झाला की डोळे बदलतात,” असे सांगून त्याने विषय संपवला. टाकीवर गुलाबी-लाल छटेचा दिवा होता आणि तो दिवा बंद करून मासा दाखवायला तो तयार नव्हता. ‘याला दुसरं काही चालत नाही’ म्हणून शंभर ग्रॅमला सहाशे रुपये या दराने सुटे खाद्यही त्याने सोबत दिले. त्या पिशवीवर घटक, उत्पादकाचे नाव, तारीख, काहीही छापलेले नव्हते.

आमच्याकडील व्यवस्था इथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावरूनच झाला. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे अडीचशे लिटरची आहे. मासा आणण्याआधी फिल्टर महिनाभराहून अधिक काळ चालवून त्यातील उपयुक्त जिवाणू वाढू दिले होते. हे जिवाणू माशाच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ते नसल्यामुळेच अनेकांचे मासे पहिल्या काही आठवड्यांत दगावतात. पुण्यातल्या थंडीचा विचार करून हीटर लावला आणि पाणी 28 अंशांवर ठेवले. दर आठवड्याला साधारण तिसरा हिस्सा पाणी क्लोरीन काढून बदलत होतो आणि टेस्ट किटने तपासून आकडे वहीत लिहीत होतो. टाकीत दुसरा एकही मासा नव्हता. फ्लॉवरहॉर्न आपल्या हद्दीबद्दल इतका आक्रमक असतो की सोबत ठेवलेल्या माशाला तो बहुधा जिवंत सोडत नाही, त्यामुळे त्याला एकटेच ठेवणे हेच योग्य.

ते सुटे खाद्य संपले आणि बाबांनी एका माहितीतल्या कंपनीचे सीलबंद खाद्य सुरू केले. त्यानंतर काही आठवड्यांतच लाल रंग फिका पडत केशरी आणि मग करडा झाला, आणि कपाळ सपाट होत गेले. भूक मात्र उत्तम होती. काचेजवळ हात नेला की मासा धावून येई आणि तळातले खडे तोंडाने उचलून कोपऱ्यात रचत बसे. विष्ठा पांढरट दोऱ्यासारखी नव्हती, म्हणजे या माशांत वरचेवर आढळणारा हेक्झामिटासारखा आतड्याचा विकार दिसत नव्हता. आम्ही विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. त्याचे पहिले उत्तर, पाण्यात अमोनिया असणार. वहीचे पान पाठवले, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मग म्हणाला, किट खोटे आहे. त्यानंतर म्हणाला, मासा खचला आहे, त्याला आरसा दाखवा आणि माझे ‘हेडचे टॉनिक’ द्या. ते आठशे रुपयांचे होते आणि तेही बिनलेबलच्या बाटलीत. शेवटी प्रस्ताव आला की हा मासा परत द्या, वर सहा हजार भरा आणि दुसरा ‘पक्का’ नर न्या. कोक ताणामुळे, आजारामुळे किंवा खराब पाण्यामुळे खरोखरच उतरू शकतो. म्हणूनच विक्रेत्याचा प्रत्येक खुलासा ऐकणाऱ्याला खरा वाटतो, आणि ज्याच्याकडे पाण्याच्या नोंदी नाहीत त्याला उलट बोलायला काही आधार उरत नाही.

खाद्याविषयी माझा संशय मी स्पष्टपणे मांडते. मिथाइलटेस्टोस्टेरॉन हे कृत्रिम नर संप्रेरक आहे. तिलापियाच्या मत्स्यशेतीत पिल्लांना ते खाद्यातून देऊन जवळजवळ सगळे नर तयार केले जातात, आणि शोभेच्या माशांच्या धंद्यात त्याचा उपयोग लहान पिल्लांना आणि माद्यांना वेळेआधी नरांसारखा रंग आणण्यासाठी केला जातो. ते बंद झाले की रंग ओसरतो. प्रजननक्षमतेवरही परिणाम होऊ शकतो. ज्या खाद्यावर घटकच छापलेले नाहीत ते माशाला देणे म्हणजे काय देतो आहोत याची कल्पना नसताना रोज एक औषध चारणे होय. दुकानात दोन-तीन इंचांच्या टाकीभर पिल्लांना एकसारखा गडद लाल रंग दिसला, तर तो गुणवत्तेचा पुरावा न मानता संशयाचे कारण मानावे, कारण निरोगी पिल्लांच्या एका वेतात रंग आणि कपाळ निरनिराळ्या वेगाने वाढतात आणि पुष्कळ पिल्ले बराच काळ करडीच राहतात.

शंकेला जागा उरली नाही ती त्यानंतर. पाठीवरच्या पराच्या मध्यभागी काळसर डाग उमटला, जो फ्लॉवरहॉर्नच्या अनेक वंशांत मादीची खूण समजला जातो. पोटाखालच्या छिद्राजवळ बोथट, रुंद नळी बाहेर आलेली दिसू लागली. नराची नळी बारीक आणि टोकदार असते. मग एका सकाळी हीटरच्या बाजूला ठेवलेल्या चपट्या फरशीवर मोहरीहून थोडी मोठी, फिकट केशरी अंडी ओळीने चिकटवलेली बाबांना दिसली. मासा त्यांच्यावर उभा राहून छातीच्या परांनी सतत वारा घालत होता, आणि पाणी काढायची नळी आत सोडताच तिच्यावर तुटून पडत होता. नर नसल्यामुळे ती अंडी एक-दोन दिवसांत पांढरी पडली. या सगळ्याचा व्हिडिओ विक्रेत्याला पाठवला, तेव्हा त्याने आधीचे ‘नर आहे’ असे लिहिलेले संदेश सर्वांसाठी डिलीट केले. सुदैवाने बाबांनी त्यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले होते आणि रक्कम यूपीआयने दिलेली असल्यामुळे तिचीही नोंद होती.

इतक्या लहान वयात नुसत्या कपाळावरून नर-मादी खात्रीने सांगता येत नाही, ही गोष्ट अनुभवी पाळणारे सांगतात आणि तीच विक्रेता लपवतो. चार-पाच इंचांपुढे नळीचा आकार पाहून अंदाज अधिक पक्का होतो. त्यामुळे नराचे पैसे द्यायचे असतील तर मासा तेवढा वाढलेला असावा, दिवा बंद करून दिवसाच्या उजेडात पाहावा, तो सध्या कोणते सीलबंद खाद्य खातो हे प्रत्यक्ष खाऊ घालून दाखवायला सांगावे, आणि ‘नर, अमुक जात, अमुक किंमत’ हे शब्द बिलावर किंवा निदान संदेशात लिहून घ्यावेत. जो लिहून देत नाही त्याच्याकडून करड्या पिल्लाच्या किमतीत करडे पिल्लू घ्यावे, त्याहून एक रुपयाही अधिक देऊ नये. ज्याला फक्त सोबतीला मासा हवा आहे त्याने मादी आनंदाने घ्यावी. तीही तितकीच हुशार आणि धीट असते, फक्त तिच्यासाठी नराचे पैसे मोजायचे नाहीत.

तक्रारीबाबत आमचा अनुभव असा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. विक्रेत्याने ‘जिवंत माल परत घेत नाही’ एवढेच उत्तर दिले. त्यानंतर आम्ही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली असून ती प्रलंबित आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे, आणि मालाचा दर्जा खोटा सांगणे तसेच विकलेल्या मालाचे बिल न देणे या दोन्ही गोष्टी तिच्यात येतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी आयोगात शुल्क लागत नाही, ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि दोन वर्षांची मुदत असते. साडेनऊ हजारांसाठी एवढे कोण करणार, असा हिशेब हे विक्रेते धरून चाललेले असतात.

शेवटच्या फोनवर तो विक्रेता म्हणाला, “मादी नको असेल तर तळ्यात सोडून द्या ना.” असे कोणीही, कोणत्याही परिस्थितीत करू नये. हा परदेशी माशांचा संकर आहे, तो हद्दीसाठी लढतो, लहान मासे आणि अंडी खातो. आपल्या तलावांत आणि नद्यांत आधीच तिलापियाने जागा व्यापलेली असताना त्यात या माशाची भर घालणे म्हणजे स्थानिक माशांचा जीव धोक्यात घालणे आहे. मासा ठेवणे शक्य नसेल तर पाळणाऱ्या दुसऱ्या माणसाला तो विनामूल्य द्यावा. आम्ही तसे केले नाही, कारण बाबांना ती मादी आवडते. पाणी चांगले ठेवले तर फ्लॉवरहॉर्न आठ-दहा वर्षे जगतो, आणि बाबांनी तिच्यासाठी मोठ्या क्षमतेचा फिल्टर मागवलेला आहे.