दुर्बिणीसाठी १२ व्होल्टची बॅटरी: सोलर दिव्याचा पॅक सगळ्यांत भारी

गो-टू दुर्बीण (मोटारींनी आपोआप ताऱ्याकडे वळणारी) मध्येच बंद पडली म्हणजे बॅटरी संपलीच असं नाही. दोन्ही मोटारी एकदम फिरल्या की करंट चढतो, व्होल्टेज क्षणभर ११ च्या खाली बसतं, हँडसेटवर 'नो रिस्पॉन्स' उमटतं आणि अलाइनमेंट (ताऱ्यांवर नेम धरून दुर्बिणीला दिशा ओळखवणं) पहिल्यापासून करावी लागते. म्हणून लोडवर, म्हणजे मोटारी चालू असताना, व्होल्टेज किती टिकतं ते आधी बघा, डब्यावरचे आकडे नंतर.

या कसोटीवर १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक बाकीच्यांना मागे टाकतो. नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) 'दुर्बिणीची बॅटरी' मागितलीत तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील. 'सोलर स्ट्रीट लाइटचा लिथियम पॅक' म्हणा.

१२ अँपिअर-अवरच का? माउंट (दुर्बीण फिरवणारा मोटारींचा स्टँड) सरासरी अर्धा-पाऊण अँपिअर खातो, म्हणजे पाच तासांना तीन-साडेतीन अँपिअर-अवर. शहरातल्या गच्चीवर तेवढ्यात भागतं. पण डिसेंबरात पेंचला (२०२४ पासून भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क) मध्यरात्रीआधीच काचेवर दव धरतं. ८ इंची दुर्बिणीची हीटर पट्टी पूर्ण जोरावर दीड अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे आणखी साडेसात. बेरीज अकराच्या घरात. हीटर थोडा कमी ठेवला तर रात्र निभते.

यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी स्वस्त आहे, कुठेही मिळते. पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे हाती साडेतीन. त्यात जून ते सप्टेंबर दुर्बीण कपाटात आणि बॅटरी अर्धवट उतरलेली; प्लेटांवर सल्फेट बसतं आणि दिवाळीत ती चार्जच घेत नाही. दर महिन्याला चार्ज करणार असाल तरच घ्या.

राऊटरचा मिनी यूपीएस छोट्या माउंटला तास-दोन तास चालवेल, पण मोटारींनी झटका दिला की त्यातलं सर्किट मान टाकतं. पॉवर बँकेवरचे २०,००० एमएएच ३.७ व्होल्टचे असतात: ७४ वॉट-अवर. १२ व्होल्टवर चढवताना होणारी गळती वजा केली की हातात जेमतेम पाच अँपिअर-अवर. शिवाय अनेक पॉवर बँका टाइप-सी वर ९ आणि १५ व्होल्ट देतात, १२ देतच नाहीत.

आता फसवणुकीचं. अशा पॅकमध्ये बहुधा ६ अँपिअर-अवरचे '३२७००' मापाचे गोल सेल असतात, एकेक साधारण १४० ग्रॅमचा. १२ अँपिअर-अवरला आठ सेल, म्हणजे सेलांचंच वजन १.१ किलो. 'ट्वेल्व्ह एएच' लिहिलेला पॅक सहा-सातशे ग्रॅम भरला तर आत चारच सेल आहेत; किराणा दुकानातला काटाही हे सांगतो. दुसरी चाचणी: बाइकचा १२ व्होल्ट ३५ वॉटचा बल्ब लावा, तो जवळपास तीन अँपिअर ओढतो. पाच मिनिटांनी मल्टिमीटर १२.५ च्या खाली दाखवत असेल तर पॅक परत करा.

बॅटरी चांगली असूनही घोटाळा होतो तो वायरीत. बारीक ०.२ स्क्वेअर एमएमची दोन मीटर वायर जाऊन-येऊन चार मीटर होते आणि दोन अँपिअरला ०.७ व्होल्ट तिथेच गिळते. १ स्क्वेअर एमएम घ्या, घट पाचपट कमी. बहुतेक माउंटना ५.५ बाय २.१ मिमीची, मध्ये प्लस असलेली पिन लागते; सीसीटीव्हीची डीसी पिन तीच. काउंटरवर २.५ ची हातात पडली तर तीही बसते, पण सैल, आणि दुर्बीण वळली की संपर्क तुटतो. स्क्रूची पिन नको, सोल्डर केलेली घ्या. प्लस टर्मिनललगत गाडीचा ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज हवाच. हे सेल शॉर्ट झाले तर वायर पेटवतात. पहिल्यांदा जोडण्याआधी मल्टिमीटरने पिनचा प्लस-मायनस तपासा.

चार्जर १४.६ व्होल्टचा, लिथियम फॉस्फेटसाठीचाच घ्या. साध्या लिथियम-आयनचा १२.६ वाला दिसायला सारखाच असतो, पण तो पॅक भरत नाही. सेलांची चार्जिंगची मर्यादा सहसा ४५ अंश असते. नवतपात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आपल्याकडे स्लॅबखालची खोली दुपारी त्याच्या जवळ पोहोचते, तेव्हा पहाटे लावा. कारच्या डिकीत तर ठेवूच नका. पावसाळ्यात निम्मा चार्ज करून, वायर काढून ठेवून द्या.

या पॅकची एकच खोड: भरलेला आणि पाव उरलेला यांच्या व्होल्टेजमध्ये अर्धा व्होल्टही फरक नसतो. चार लाल दिव्यांचा इंडिकेटर त्यामुळे शेवटपर्यंत 'फुल' दाखवतो आणि मग बीएमएस (पॅकमधलं सेल जपणारं सर्किट) एकदम पुरवठा तोडतो. वॉटमीटर मधे लावा, नाहीतर किती तास चालला ते वहीत लिहा.