१२ इंची लाकडी मॅनिकिन: काही महिने वापरल्यावर

मानवाकृती काढायला शिकायचं म्हणून हा सांधे वळवता येणारा पुतळा घेत असाल तर थोडं थांबा. फोरशॉर्टनिंग (आपल्या दिशेने आलेला अवयव आखूड दिसणं) आणि छायाप्रकाशासाठी तो पैसे वसूल करून देतो. शरीराचा तोल मात्र शिकवत नाही, उलट चुकीची सवय लावतो.

दोष स्टँडचा. त्याची तार कमरेच्या ठोकळ्यात बसते, त्यामुळे दोन्ही पाय अधांतरी असले तरी पुतळा पडत नाही. खरा माणूस एका पायावर रेलला की त्या बाजूचा खुबा वर चढतो, खांदा खाली येतो आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार पेलणाऱ्या पावलाजवळ पडतो. इथे कमरेचा ठोकळा तारेवर गोल फिरतो, पण बाजूला कलत नाही. म्हणून स्टँडच्या एका कडेखाली खोडरबर सरकवायचा, छाती उलट बाजूला कलती करायची आणि पाय सर्वांत शेवटी लावायचे. पाय आधी लावले तर पोझ हमखास ताठ होते.

हात डोक्यावर नेला की काखेत भगदाड दिसतं, कारण खांद्याचं पातं आणि कॉलरबोन त्याला नाहीतच, नुसता गोळा फिरतो. मांडी घालणं, उकिडवं बसणं विसरा. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात बसलेली भाजीवाली काढायची असेल तर याचा उपयोग शून्य. लहान मुलांच्या आकृतीसाठीही नाही: पुतळा साडेसात-आठ डोक्यांचा (म्हणजे उंची डोक्याच्या तितकी पट), चार-पाच वर्षांचं मूल जेमतेम पाच-साडेपाच डोक्यांचं.

आता जमेची बाजू. हात थेट आपल्याकडे रोखून ठेवा आणि चित्र मुठीपासून सुरू करा, खांद्यापासून नको. दंड आणि कोपरापुढचा हात म्हणजे दोन नळकांडी. कुठलं कुठल्याला झाकतं तेवढंच बघा. लांबी मोजत बसलात की हात लांबतो, हे ठरलेलं. मग तीच पोझ पुस्तकांच्या थप्पीवर, डोळ्यांच्या पातळीवर ठेवून पुन्हा काढा. टेबललॅम्प एकच, वरून तिरपा. खोलीतला दिवा बंद, नाहीतर दोन सावल्या पडून गोंधळ होतो.

गुडघे सर्वांत आधी ढिले पडतात. आतली स्प्रिंग ताणली जाते, त्यामुळे सांधे ओढून वळवू नका. पावसाळ्यात लाकूड फुगून सांधे अडकतात. तेल सोडू नका, लाकूड ते पितं आणि कागदावर डाग पडतात. मेणबत्ती घासली की भागतं.

पंजे तर नुसते ठोकळे. सुट्या बोटांचा लाकडी हात वेगळा मिळतो, पण त्यावर खर्च नको. आपलाच डावा हात समोर धरून काढा. उजवा हवा असेल तर तोच आरशात बघा.