कुत्र्याच्या शिकवणीचा क्लिकर: सात महिने वापरून

मार्चमध्ये मुलीने हा क्लिकर आणला तेव्हा मी हसलोच. आमच्या लहानपणी जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा, दाबला की टिक-टॉक वाजणारा. तोच बेडूक प्लास्टिकच्या डबीत घालून 120 रुपयांना! तीस वर्षं ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे घडवायच्या कार्यशाळेत गेली, त्यामुळे कुत्रीला दाखवायच्या आधी मी डबी उघडली. आत स्प्रिंग स्टीलची एक पातळ पत्ती, मधोमध किंचित फुगवटा. दाबली की फुगवटा उलटतो, सोडली की जागेवर येतो, म्हणून दोन आवाज. बिघडायला आत काही नाही, असं मी तेव्हा म्हणालो होतो. त्याबद्दल पुढे.

आमची ठकी गावठी. गेल्या दिवाळीआधी ठाण्यातल्याच श्रीनगरच्या नाक्याजवळ उभ्या टेम्पोखाली सापडली आणि चारच दिवसांत फटाक्यांनी तिची गाळण उडाली. त्यामुळे क्लिकर पहिल्यांदा वाजला तशी ती थेट दिवाणाखाली. पेटीसारख्या चौकोनी क्लिकरचा हा मोठा दोष: बंद खोलीत आवाज फारच टणक लागतो. मग मी तो जुन्या पायमोज्यात गुंडाळला आणि हात पाठीमागे नेऊन वाजवायला लागलो. तिसऱ्या दिवशी ठकी बाहेर आली, कारण वाजल्यावर उकडलेल्या चिकनचा तुकडा पडतो हा हिशोब तिला कळला होता. कुत्र्याच्या कानाजवळ मात्र हा कधीच वाजवू नका.

बरेच जण क्लिकर रिमोटसारखा वापरतात, वाजवून कुत्र्याला बोलावतात. तसं नाही. हा हुकूम नाही, ‘आत्ता केलंस ते बरोबर’ असा शिक्का आहे. आधी पंधरा-वीस वेळा नुसतं टिक आणि खाऊ, टिक आणि खाऊ. मग तुकडा नाकासमोर धरून डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर गेलं की ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकलं त्या क्षणी टिक, पाठोपाठ खाऊ.

मुलीने सांगितलं की ही पद्धत मुळात 1940च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या हाताखाली शिकलेल्या ब्रेलंड दांपत्याची. पुढे कॅरन प्रायर या बाईंनी हवाईत डॉल्फिनना शिट्टी आणि मासळीवर शिकवलं आणि नंतर कुत्रेवाल्यांमध्ये हा क्लिकर रुजवला. डॉल्फिनची गोष्ट मला पटली. त्याला पट्टा घालता येत नाही आणि दटावलं तर तो बुडी मारून निघून जातो. तिथे चालतं ते ठकीला का चालू नये?

चाललं, पण उलटं. आठवडाभर ठकी बसायची आणि लगेच उठायची. मी म्हटलं, डोकं कमी आहे. मुलीने मोबाइलवर चित्रण करून दाखवलं तर डोकं माझंच निघालं. ती बसत होती, मी बघत होतो, खूश होत होतो आणि ती उठताना अंगठा दाबत होतो. म्हणजे मी तिला उठायचा पगार देत होतो. ज्या माणसाने डायल गेजच्या, म्हणजे बारीक माप दाखवणाऱ्या यंत्राच्या काट्यावर आयुष्य काढलं त्याची ही गत! मग मुलीने उपाय काढला. ती टेनिसचा चेंडू जमिनीवर आपटायची आणि चेंडू टेकला त्या क्षणी मी टिक करायचं. दोन संध्याकाळी माझीच शिकवणी झाली, ठकी कोपऱ्यातून बघत होती. त्यानंतर ‘बस’ दोन दिवसांत पक्कं झालं.

आता ‘बस’ या शब्दाचा वेगळाच घोळ आहे. पाहुणी आली की आमची ही म्हणते, ‘बस गं जरा,’ की ठकी बसते. जेवताना कोणी म्हणालं, ‘बस, बस, भात नको,’ तरी ठकी बसते आणि मोबदल्यासाठी तोंडाकडे बघते. शेवटी आम्ही शब्द सोडून हाताची खूण ठेवली.

खरा पैसा वसूल झाला तो पिशवीत. दाराच्या खिळ्याला बाजाराची कापडी पिशवी असते आणि हिचे गुडघे दुखतात, म्हणून ती आणून द्यायला ठकीला शिकवलं. पिशवी आधी जमिनीवर ठेवली. ठकीने नाक लावलं, टिक. तोंडात धरली, टिक. एक पाऊल चालली, टिक. मग पिशवी थोडी थोडी वर, शेवटी खिळ्यावर. रोज पाच-पाच मिनिटं दोनदा, सगळे मिळून तीन आठवडे. पुढे ती सकाळी सहाला, न मागता पिशवी आणून माझ्या पोटावर टाकायला लागली. न मागता आणली तर खाऊ नाही, एवढं ठाम राहिल्यावर ते थांबलं.

खाऊ मटारच्या दाण्याएवढा पुरतो. दिवसभराच्या खाण्याचा दहावा हिस्सा, त्याच्या वर नको, आणि तेवढं जेवणातून कमी करा. एकदा शेजारच्या वहिनी पूजेचा शिरा भरवायला निघाल्या होत्या. त्यात बेदाणे होते, मी हात धरला. बेदाणे-द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात. चॉकलेट, कांदाही नको.

आता ‘बिघडायला काही नाही’ बद्दल. जुलैत पत्ती गंजली. ठाण्याचा पाऊस, खिशातला ओला हात आणि साधी, लेप नसलेली पत्ती, दुसरं काय होणार? आधी आवाज बसका झाला, मग एकच टिक यायला लागली, दुसरी गायब. पॉलिश पेपरने घासून तेलाचं बोट लावलं, महिनाभर चालला, मग पत्ती मधोमध तडकली. दुकानदाराने हात वर केले.

दुसरा क्लिकर बटणाचा घेतला, 220 रुपये, मनगटात अडकवायला दोरी. आवाज मऊ, पायमोजा लागत नाही, अंगठाही कमी दुखतो. भित्रं कुत्रं असेल तर सरळ हाच घ्या. पेटीवाल्याला दोन तारे, बटणवाल्याला चार. सोबत कमरेला बांधायची खाऊची पिशवी मिळते, ती घेऊ नका. शर्टाचा खिसा पुरतो, फक्त धुवायला टाकताना रिकामा करा.

आणि खरं सांगायचं तर हिने दोन्ही क्लिकर हातात धरले नाहीत. ती जिभेने टाळूवर ‘टॉक्’ करते, भाजी चिरता चिरता. जिभेला पैसे पडत नाहीत, गंज चढत नाही आणि तिची वेळही चुकत नाही. पिशवीच्या तीन आठवड्यांतले दोन तिच्या खात्यावरचे आहेत, हे तिने लिहायला लावलं.