4043 की 5356? अ‍ॅल्युमिनियमच्या दोन फिलर रॉड, वापरानंतरचा अनुभव

जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. शिड्या, रेलिंग, पिकअपचे फाळके, अधूनमधून पंपाची फुटलेली बॉडी, असं सगळं येतं. दिवाळीपासून टिग वेल्डिंगला दोन्ही रॉड, म्हणजे जोडात वितळवून भरायच्या सळ्या, रोजच्या कामात आहेत.

4043 मध्ये साधारण 5 टक्के सिलिकॉन, 5356 मध्ये जवळपास तेवढंच मॅग्नेशियम. बाकी अ‍ॅल्युमिनियम. फरक हाताला लगेच कळतो. 4043 चा रस पातळ, मोकळा वाहतो. नवीन पोरानं मारलेला टाकाही (वेल्डची रेघ) देखणा दिसतो. दुकानदार न विचारता तीच पुढे करतो, त्याचं कारण हेच असावं. 5356 चा रस आखडल्यासारखा चालतो, वर काजळीही धरते. ती स्टेनलेसच्या ब्रशनं निघते.

पण देखणेपणावर जाऊ नका. 6061 या मिश्रधातूच्या पट्ट्या टी-जोडात एकाच बाजूनं फिलेट (कोपऱ्यातला टाका) मारून वाइसमध्ये धरल्या आणि घणानं दुमडल्या. 4043 चा टाका मुळातून कटकन गेला, तुटलेली कड करडी, दाणेदार. 5356 चा बराच वाकला, मग फाटला. तक्त्यातले आकडेही तेच सांगतात: टाक्याच्या लांबीच्या दिशेनं कातरताण सोसायची ताकद 4043 ला सुमारे 80 मेगापास्कल, 5356 ला 117 च्या आसपास. शिडीची पायरी, हुक, जिथे माणसाचा किंवा मालाचा भार फिलेटवर येतो तिथे आमच्याकडे आता 5356 च.

बट जोडाचं, म्हणजे कडेला कड लावून केलेल्या जोडाचं, गणित वेगळं. 6061-टी6 ची (उष्णता देऊन कडक केलेल्या 6061 ची) ताकद 310 मेगापास्कल, पण वेल्डिंगच्या उष्णतेनं टाक्याशेजारचा भाग मऊ पडतो आणि ती निम्म्याजवळ येते. मग जोड तिथेच तुटतो, रॉड कोणतीही घाला. ‘भाऊ, भारीतली रॉड टाका’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पटवता पटवता घसा सुकतो. आणि रॉड वाचवायला 6061 नुसतं वितळवून जोडणारे अजून आहेत. टाका थंड होतानाच मधोमध तडा जातो.

तरी 5356 सगळीकडे चालत नाही. सतत 65 अंशांच्या वर तापणाऱ्या भागाला, म्हणजे इंजिन हेडसारख्या कामाला ती लावू नये. जास्त मॅग्नेशियममुळे ताण आणि गंज मिळून तडे जातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो म्हणून एकानं फाळक्याबद्दलही विचारलं. दुपारी उन्हात तापणं आणि कायम गरम राहणं यात फरक आहे, फाळक्याला खुशाल लावा. पंपाच्या ओतीव बॉडीच्या धातूत बहुतेक वेळा सिलिकॉन मिसळलेलं असतं, तिथे 4043 छान मिसळते. उलट 5083 या जास्त मॅग्नेशियमवाल्या पत्र्याला 4043 नको, सिलिकॉन-मॅग्नेशियम एकत्र येऊन जोड ठिसूळ होतो.

रेलिंग अ‍ॅनोडायझिंगला (रसायनाच्या टाकीत विजेनं वर थर चढवायला) जाणार आहे का, हे ऑर्डर घेतानाच विचारा. 4043 चा टाका त्या टाकीतून काळपट निघतो आणि कितीही पॉलिश मारलं तरी रंग जुळत नाही.